काळी कोंबडी, जवस आणि एक लॅब रिपोर्ट

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात एका गावच्या महिला बचत गटाचं हे प्रकरण. गाव धानाचं आहे. धान कापायच्या आधीच बांधीतल्या ओलीत लाखोरी नाहीतर जवस फेकून पेरायची, हा तिथला जुना उतेरा. त्यामुळे जवस घरोघरी असते, कनकीला, म्हणजे तांदळाच्या कणीला, तोटा नसतो आणि अंगणात कोंबड्या असतातच. गटानं कोंबडीपालन वाढवलं तेव्हा तीन प्रकारचे पक्षी एकत्र आले: घरच्याच गावरानी, उबवणी केंद्रातून आणलेल्या रंगीत सुधारित कोंबड्या आणि एका खाजगी विक्रेत्याकडून घेतलेले कडकनाथ, म्हणजे काळ्या मांसाच्या जातीचे पक्षी.

आठवडी बाजारात जिवंत पक्षी विकले जातात, नागपूरला साफ केलेलं मांस जातं. नागपूरच्या व्यापाऱ्यानं सांगितलं, पाकिटावर ‘ओमेगा-३’ आलं तर भाव वाढवून देतो, पण लॅबचा कागद पाहिजे. गटानं कागद मिळवला. प्रत्येक प्रकारचा एक असे तीन पक्षी कापून नमुने एका प्रयोगशाळेत गेले आणि रिपोर्टात कडकनाथ वरचढ निघाला. लेबलही तयार झालं: ‘जातिवंत कडकनाथ, नैसर्गिक ओमेगा-३ने समृद्ध, चरबी नगण्य.’

त्याच सुमारास नागपूरहून तक्रार आली, की काळ्या कोंबडीचं मांस फ्रीजमध्ये दोन-चार दिवस राहिलं की मासळीसारखा वास येतो. एक गिऱ्हाईक तर म्हणालं, रंगाच्या डब्यासारखा. गटाच्या अध्यक्षबाईंनी मला बोलावलं ते या वासासाठी. लेबलचा विषय त्यांच्या लेखी संपला होता. माझं मत पहिल्याच दिवशी झालं, की दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे आणि ते वासाऐवजी रिपोर्टात शोधलेलं बरं.

रिपोर्ट खरा, तुलना खोटी

रिपोर्ट बनावट नव्हता. गॅस क्रोमॅटोग्राफीवर मेदाम्लं, म्हणजे फॅटी ॲसिडं, वेगळी काढून प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत दिला होता. कोंबडीच्या मांसात नेहमी असतात तीच नावं: पामिटिक, स्टिअरिक, ओलेइक, लिनोलेइक, जोडीला थोडं अल्फा-लिनोलेनिक आणि थोडं अरॅकिडॉनिक. गावरानीत ओलेइक उठून दिसत होतं, रंगीत कोंबडीत लिनोलेइक, आणि कडकनाथमध्ये अल्फा-लिनोलेनिक. वनस्पतीतून मिळणारं ओमेगा-३ ते हेच.

पण हे टक्के एकूण मेदाम्लांचे होते. शंभर ग्रॅम मांसात किती ग्रॅम, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, आणि कोंबडीच्या बाबतीत हा फरक मोठा असतो. स्नायूतली चरबी दोन रूपांत असते. एक साठवणीची, म्हणजे ट्रायग्लिसराइड. पक्षी जितका लठ्ठ तितकी ती जास्त. दुसरी पेशींच्या पडद्यांमधली, म्हणजे फॉस्फोलिपिड; ती पक्षी रोड असो की लठ्ठ, फारशी हलत नाही. बहुअसंतृप्त आम्लं, म्हणजे साखळीत एकाहून जास्त दुहेरी बंध असलेली, या पडद्यांमध्ये जास्त असतात. त्यामुळे मांस जितकं कोरडं तितका पडद्यांचा वाटा मोठा आणि कागदावर बहुअसंतृप्त आम्लांचा टक्का वर. ओमेगा-३चा एक कणही वाढलेला नसतो, बाकीची चरबी तेवढी कमी असते.

मग मी विचारलं, कोणता भाग पाठवला होता? थोडं हसू झालं आणि खरं बाहेर आलं. गावरानी आणि रंगीत कोंबडीची मांडी गेली होती, कडकनाथची छाती. कडकनाथच्या मांड्या त्या दिवशी आलेल्या जावयाच्या ताटात गेल्या होत्या. छातीचं मांस कुठल्याही कोंबडीचं कोरडंच असतं. ब्रॉयलरची कातडी काढलेली छाती घेतली तरी तीत चरबी साधारण १ ते ३ टक्केच भरते. कडकनाथच्या पत्रकांवर जो तक्ता फिरतो, त्यात कडकनाथची चरबी ०.७३ ते १.०३ टक्के आणि इतर कोंबड्यांची १३ ते २५ टक्के दाखवलेली असते. तेरा-पंचवीस टक्के हा आकडा कातडी आणि पोटातल्या चरबीसकट अख्ख्या पक्ष्याला शोभतो. एका पक्ष्याची छाती आणि दुसऱ्याचा अख्खा देह तोलायचा आणि जातीच्या नावानं निकाल द्यायचा, असा तो तक्ता आहे. गटानं नकळत तसंच केलं होतं.

वयाचाही मेळ नव्हता. रंगीत पक्षी अडीच-तीन महिन्यांचा, बाकीचे दोन सहा महिन्यांच्या पुढचे. त्यात गावरानी नमुना म्हणून कापली होती ती अंड्यावर आलेली तलंग, म्हणजे तरुण कोंबडी. जिनं कापली ती सांगत होती, पोटात बलकांची लड होती, मोठा बलक लिंबाएवढा, मग सुपारीएवढा, मग मोहरीसारखे बारीक दाणे, आणि आतड्याभोवती बोटभर चरबी. “चरबी पाहा जी, कशी पिवरी होती,” ती म्हणाली. गावरानीची खूण म्हणून हा पिवळेपणा बाजारात चालतो. पण तो येतो हिरव्या पाल्यातल्या आणि मक्यातल्या रंगद्रव्यातून. कातडीचा पिवळेपणा बीसीओ-२ नावाच्या जनुकाच्या एका रूपामुळे टिकतो, आणि ते रूप पाळीव कोंबडीत राखी रानकोंबड्याकडून आलं असं २००८ साली दाखवलं गेलं. मेदाम्लं कोणती, याचा त्या रंगाशी संबंध नाही.

अंड्यावर आलेल्या तलंगेची गोष्ट मात्र मेदाम्लांशी थेट जोडलेली आहे. डुकरात चरबी मुख्यतः चरबीच्या पेशींतच तयार होते. कोंबडीत ती जवळजवळ सगळी यकृतात, म्हणजे आपण जिला कलेजी म्हणतो तिथं, बनते. अंडी सुरू व्हायच्या वेळी इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं आणि बलकासाठी कलेजी जोरात चरबी बनवू लागते. त्यावर रोजची कनकी, म्हणजे निव्वळ पिष्टमय दाणा. पिष्टापासून कलेजी आधी पामिटिक बनवते, मग लांबवून स्टिअरिक, आणि त्याचं पुढं ओलेइक. गावरानीच्या मांडीतलं ओलेइक एवढ्यानंच उलगडतं, त्याला जातीची गरज पडत नाही. रंगीत कोंबड्या मका-सोयाबीनच्या तयार खाद्यावर होत्या, म्हणून त्यांच्यात लिनोलेइक.

आता कडकनाथ. महाग पक्षी, चोरीची भीती, म्हणून जाळीत बंद. कनकी ‘साधा दाणा’ वाटायची, म्हणून त्यांच्यासाठी घरची जवस भरडून. “एवढ्या किमतीची कोंबडी, तिले कनकी काऊन चारावं?” हा सरळ हिशेब. त्यांच्या विष्ठेकडं पाहिलं तरी जवस कळत होती: चिकट, लुगदीसारखी, पिसांना मागं लागून वाळलेली. जवसाच्या सालीतला चीक पोटात पाणी धरून फुगतो, त्याचा हा परिणाम.

जनुकांच्या हातात काय असतं

लेबलवरचं ‘जातिवंत’ आणि ‘नैसर्गिक ओमेगा-३’ हे शब्द शेजारी बसू शकत नाहीत. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन आम्लं कुठलीही कोंबडी स्वतः बनवू शकत नाही, कारण त्यासाठी लागणारे एन्झाइम कोंबडीकडे नाहीत, वनस्पतींकडे आहेत. मांसात सापडलेलं अल्फा-लिनोलेनिक कडकनाथच्या रक्तात नव्हतं, ते बांधीतून आलेलं होतं. हीच जवस गावरानीला चारली असती तर रिपोर्टात गावरानी पहिली आली असती.

याचा अर्थ जनुकं काहीच करत नाहीत असा नाही. उलट इथूनच खरी गंमत सुरू होते. एफएएसएन जनुक पामिटिक बनवणाऱ्या एन्झाइमचं आहे. एससीडी स्टिअरिकचं ओलेइक करतं. आणि खाद्यातून आलेल्या लिनोलेइकपासून अरॅकिडॉनिक, किंवा अल्फा-लिनोलेनिकपासून ईपीए आणि पुढं डीएचए (ओमेगा-३ची लांब रूपं), ही लांब साखळी करायला एफएडीएस-१ आणि एफएडीएस-२ ही जनुकं लागतात, जोडीला साखळी लांबवणारी ईएलओव्हीएल घराण्यातली. कच्चा माल खाद्य पुरवतं. त्यातला किती पुढं न्यायचा आणि कुठं साठवायचा, हे जनुकं ठरवतात. कोरियातल्या देशी कोंबड्यांवर झालेल्या कामात मेदाम्लांच्या प्रमाणाची अनुवंशिकता मध्यम दिसली आहे, म्हणजे निवडीनं फरक पाडता येण्याजोगी.

या विषयात मला सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं ते जपानच्या अकिता प्रांतातलं. तिथली हिनाई-दोरी ही जुनी जात १९४२ साली नैसर्गिक वारसा म्हणून जाहीर झाली. म्हणून ती न कापता तिचे नर ऱ्होड आयलंड रेड जातीच्या माद्यांवर सोडून खाण्यासाठी संकर तयार करतात, तो हिनाई-जिडोरी. चवीसाठी तो नावाजलेला. संशोधकांनी चव शोधताना त्याच्या मांसात ब्रॉयलरपेक्षा अरॅकिडॉनिक आम्ल जास्त असल्याचं पाहिलं. खाद्यातून अरॅकिडॉनिक वाढवलं तर चव घेणाऱ्यांना मांस अधिक रुचकर लागलं. पुढं एफएडीएस-१ आणि एफएडीएस-२ या जनुकांतल्या बारीक फरकांचा या आम्लाच्या प्रमाणाशी संबंध असल्याचंही आढळलं. म्हणजे देशी कोंबडीच्या चवीचा एक धागा तरी जनुकापर्यंत नेता येतो. पण हा एकच धागा; वय, चालणं-फिरणं, स्नायूतलं इनोसिनिक आम्ल, हेही चवीत असतंच.

गटात एक समजूत पक्की होती, की कोंबडी जितकी काळी तितकी औषधी. काळेपणाचं जनुकशास्त्र चांगलं माहीत आहे. कडकनाथच्या कातडीत, हाडांच्या आवरणात, मांसात जे काळं रंगद्रव्य उतरतं ते गुणसूत्र २०वरच्या एका तुकड्याच्या दुबार होण्यामुळे. त्यात ईडीएन-३ हे जनुक येतं. हा गुण प्रभावी आहे, त्यामुळे संकरातही काळेपणा बऱ्यापैकी उतरतो, आणि बाजारातली प्रत्येक काळी कोंबडी मध्य प्रदेशातल्या झाबुआकडच्या शुद्ध रक्ताची असेलच असं नाही. एफएडीएसची जनुकं गुणसूत्र ५वर आहेत. वेगळ्या गुणसूत्रांवरचे गुण पिढीत आपापले स्वतंत्र उतरतात. काळेपणा पाहून मेदाम्ल ओळखायला जाणं म्हणजे गिऱ्हाइकाला आणि स्वतःलाही फसवणं. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, ते त्या प्रदेशाच्या नावाला मिळालं. पवनीत वाढलेल्या पक्ष्याच्या पाकिटावर त्याचा आधार घेता येत नाही, हेही मी सांगितलं. ते फारसं आवडलं नाही.

वासाचं आणि चवीचं

आता वास. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक असतं. त्याच्या साखळीत तीन दुहेरी बंध, आणि हवेतला ऑक्सिजन त्यांनाच आधी धरतो. म्हणूनच जवसाचं तेल रंगात आणि वॉर्निशात चालतं, पोरं क्रिकेटच्या बॅटला चोळतात. ते हवा घेऊन सुकतं. मांसात बसलेलं हेच आम्ल फ्रीजमध्येही हळूहळू हवा घेत राहतं आणि मासळीसारखा, रंगासारखा वास सुटतो. रंगाचा डबा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचं नाक अगदी बरोबर होतं. त्यात जवस एकदाच भरडून पोत्यात ठेवलेली, म्हणजे ती कोंबडीच्या पोटात जायच्या आधीच निम्मी खवट.

व्यापाऱ्यानं फोनवर एक शंका काढली, की हा वास पक्ष्याच्या रक्तातलाच असेल, अंडेवाल्यांकडून तसं ऐकलंय. ऐकलेलं अर्धं खरं आहे. तपकिरी अंडी देणाऱ्या काही वाणांत एफएमओ-३ जनुकाचं एक रूप असतं, २००५ मध्ये ते ओळखलं गेलं. ते असलेल्या कोंबडीला ट्रायमिथाइलअमाइन नावाचं द्रव्य नीट पचवता येत नाही, आणि मोहरी-सरसूच्या जातीची पेंड चारली की अंड्याला मासळीचा वास येतो. पण ती अंड्याची गोष्ट. इथला वास मांसाचा, साठवणीनंतरचा आणि फक्त जवस खाल्लेल्या पक्ष्यांचा होता. वाण निर्दोष, दाणा दोषी.

एवढ्यावर भागलं असतं, पण गटातली एक बाई, जिच्या हातच्या गावरानी रस्स्यासाठी लोक लग्नकार्यात बोलावणं पाठवतात, मध्येच बोलली: जवसावरची काळी कोंबडी रस्स्यात उतरत नाही. मसाला तोच, तर्री तीच, पण पाणी वेगळं आणि मांस वेगळं लागतं. एका बाईच्या जिभेवर शास्त्र उभं करू नये. तरी ती म्हणत होती त्याला कारण सापडतं. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन्ही आम्लं पुढच्या साखळीसाठी एकाच एन्झाइमकडे जातात, एफएडीएस-२ ज्याचा आराखडा देतं त्याच्याकडे. जवसामुळे अल्फा-लिनोलेनिकची गर्दी झाली की लिनोलेइकला जागा कमी मिळते आणि अरॅकिडॉनिक कमी बनतं. जवस चारलेल्या कोंबड्यांत हे वारंवार दिसलेलं आहे. जपानी लोक ज्या आम्लामागे जनुकं धुंडाळत आहेत, तेच आम्ल गट ओमेगाच्या नादात आपल्या हातानं कमी करत होता. गावरानीला चव देण्याची जी काही अंगची ताकद असेल, ती जवसानं झाकली जाणार.

आणि हे सगळं करून मिळणार काय? युरोपीय संघाच्या नियमात एखाद्या पदार्थाला ‘ओमेगा-३चा स्रोत’ म्हणायला १०० ग्रॅममध्ये, आणि १०० किलोकॅलरीतही, किमान ०.३ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक लागतं. छातीच्या मांसात चरबीच दीड टक्का असेल तर त्या चरबीतला पाचवा हिस्सा अल्फा-लिनोलेनिकचा पाहिजे. चरबी एक टक्का धरली, तर तीस टक्के. म्हणजे ‘चरबी नगण्य’ आणि ‘ओमेगा-३ने समृद्ध’ हे एकाच लेबलवरचे दोन शब्द एकमेकांचा गळा धरतात. जवसात साधारण वीस टक्के वजन याच आम्लाचं असतं. पाच ग्रॅम जवसाची चटणी भाकरीवर घेतली की एक ग्रॅम पोटात जातं. पवनीच्या माणसाला ओमेगा-३साठी कोंबडीतून वळसा घालायची गरज नाही. शिवाय आपल्याकडे एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचे जाहिरात आणि दाव्यांचे २०१८ चे नियम आहेत. एका छातीच्या तुकड्यावर केलेला दावा त्यात तग धरणार नाही.

पुढं काय करायचं ठरलं

लेबल रद्द. यावर दोन बैठका गेल्या, कारण छपाईचे पैसे दिलेले होते.

जवस मांसाच्या पक्ष्यांना बंद, आणि अंड्याच्या कोंबड्यांकडे वळवली. हे मात्र मला मनापासून पटतं. एका बलकात साधारण पाच ग्रॅम चरबी असते आणि खाद्यातलं अल्फा-लिनोलेनिक तिथं चांगलं उतरतं; थोडं डीएचएसुद्धा कोंबडीची कलेजी बनवून घालते. अट एवढीच, की जवस भाजून, रोजच्या रोज भरडून आणि एकूण दाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत. कच्च्या जवसात सायनाइड सोडणारी द्रव्यं आणि बी-६ जीवनसत्त्वाला मारक घटक असतो, म्हणून पिल्लांना मुळीच नाही. तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांची अंडी वेगळी फोडून वास घ्यायचा, संशयाची कोंबडी खुराड्यातून काढायची.

तुलनाच करायची असेल तर एकाच दिवशी निघालेली पिल्लं, एकच दाणा, एकाच वयाला कापणी, एकच लिंग, सगळ्यांची मांडी, आणि प्रत्येक प्रकारात वेगवेगळ्या कोंबड्यांची संतती. एक पक्षी म्हणजे एक जात नव्हे. हिशेब मांडल्यावर गटानं हा खर्च करायचा नाही असं ठरवलं, आणि त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

निवडीचा प्रश्न अवघड आहे. मांसातलं आम्ल मोजायला पक्षी कापावा लागतो, आणि कापलेला कोंबडा बाप होत नाही. म्हणून भावंडं कापून अंदाज बांधायचा किंवा रक्ताच्या थेंबातून डीएनए पाहायचा. कोंबडीच्या लाल पेशीत केंद्रक असतं, त्यामुळे थेंबभर रक्त पुरतं. पण अकिताच्या पक्ष्यांत सापडलेली खूण पवनीच्या गावरानीत तशीच चालेल असं धरता येत नाही. ती खूण आणि प्रत्यक्ष फरक करणारा बदल यांची जोडी इथल्या रक्तात तुटलेली असू शकते. तिथंपर्यंत पोचणं हे नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या संस्थेचं काम आहे, बचत गटाचं नाही.

गटाच्या हातात आहे ते असं. कडकनाथचा कळप एकाच खेपेच्या पिल्लांचा, म्हणजे बहीण-भावंडांचा. त्यात नवीन नर आणायचा नाहीतर तो कळप मांसापुरताच ठेवायचा. गावरानीत रंगीत कोंबडे मोकळे सोडायचे नाहीत, नाहीतर दोन-तीन पिढ्यांत गावरानी हे नावच उरेल. आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर, तो दर वर्षी शेजारच्या गावाशी बदलायचा, आणि कोणत्या कोंबडीची कोणती पिल्लं हे पायातल्या रंगीत कड्यांवरून वहीत लिहायचं. वही गटातल्या एका मुलीनं घेतली आहे. ती बारावीला आहे आणि तिला यातलं ‘प्रभावी’ आणि ‘अप्रभावी’ मला सांगावं लागलं नाही.

व्यापाऱ्यानं वाढीव भाव मागं घेतला. काळी कोंबडी तो काळी म्हणूनच विकतो आहे, जवसाशिवाय. गावरानी कोंबड्याच्या पाकिटावर आता वय आणि ‘मोकळा, कनकी-किडा-पाल्यावर वाढलेला’ एवढंच लिहिलं जातं, आणि नागपुरातल्या एका सावजी भोजनालयानं तो मागायला सुरुवात केली आहे. भावाची घासाघीस अजून चालू आहे.